बारा कोसांवरची इंग्रजी

दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण घरोघरीं माहीत आहे. आणि आम्हां वऱ्हाडकरांस तर ती कोणी समजावून सांगावयास नको. अकोल्याकडील बोली निराळी, वणीकडील निराळी, आणि मोर्शी-वरुडाकडे जावें तों तिला आणखीच वेगळें वळण लागलेलें आढळतें. परंतु हाच नियम इंग्रजी भाषेसहि लागू आहे, ही गोष्ट पुष्कळ शिकल्यासवरल्या मंडळींच्याहि ध्यानांत येत नाहीं. इंग्रजी म्हणजे एक ठरीव, घडीव, साच्यांतून ओतून काढलेली वस्तु; ती बरोबर तरी बोलतां येते किंवा चुकीची तरी; तिसरा पक्ष नाहीं, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती कच्ची आहे हें पाहण्यास आतां विलायतेस जावें लागत नाहीं. आमच्या कारंजासारख्या गांवींहि अशीं कितीतरी घरें आहेत, कीं ज्यांतला एक मुलगा न्यूजर्सीस, मुलगी मेलबर्नास आणि जांवई पुण्यास संगणकाच्या धंद्यांत. दिवाळींत दूरध्वनीच्या पडद्यावर सारें गोत एकत्र जमतें तेव्हां तीन तऱ्हांची इंग्रजी कानांवर पडते, आणि चौथी आजोबांची. आजोबांचें वाक्य नातवास दोनदां सांगावें लागतें, नातवाचें आजोबांस तीनदां, आणि मग घरांतलें कोणीतरी हळूच म्हणतें, "नाना, तुम्ही आपलें मराठींतच बोला." या सूचनेंत थोडी लाज मिसळलेली असते. त्या लाजेविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें.

आमचें आयुष्य संस्कृत शिकण्यांत आणि शिकविण्यांत गेलें, म्हणून उदाहरणहि प्रथम तिकडचेंच सुचतें. एकच क्रियापद देशोदेशीं कसें रूप आणि अर्थ पालटतें, तें पतंजलीनें महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत सांगून ठेविलें आहे. 'शवति' हें क्रियापद जाणें या अर्थीं कांबोज देशांत बोलतात. आर्यांत त्यापासून झालेला 'शव' एवढाच शब्द उरला, तोहि प्रेत या अर्थीं. जाणें याला सुराष्ट्रांत 'हम्मति' म्हणतात, पूर्वेकडे आणि मध्यदेशांत 'रंहति'. कापणें या अर्थाचें क्रियापद पूर्वेकडे चालतें, तर उत्तरेकडे त्यापासून झालेला 'दात्र', म्हणजे विळा, एवढाच शब्द. दाक्षिणात्यांस तद्धित प्रत्ययांची फार हौस, असा एक गोड चिमटाहि भाष्यकारानें काढला आहे. आणि त्यावरूनच वार्तिककार कात्यायन हा दक्षिणेकडील असावा असें अनेक पंडित मानतात. पाणिनीहि पूर्वेकडील लोकांचे आणि उत्तरेकडील लोकांचे प्रयोग निरनिराळे नोंदतो. जिला आपण देववाणी म्हणून हात जोडतों तिची ही कथा, तर सातासमुद्रांपलीकडे पसरलेल्या इंग्रजीची काय मातबरी !

इंग्रज लोक १६०७ सालीं अमेरिकेंत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वसाहत करून राहिले, आणि १७८८ सालीं ऑस्ट्रेलियांत. घर सोडून गेलेल्या माणसाची भाषा बिघडते, असें घरीं राहिलेल्यांस नेहमींच वाटतें. वास्तविक पुष्कळदां होतें तें उलट: गेलेला जुनें जपून ठेवितो आणि घरचे लोकच बदलतात. शरदृतूस अमेरिकन लोक 'फॉल' म्हणतात, याचें इंग्रजांस हसूं येतें. पण हा शब्द अमेरिकेनें घडविलेला नाहीं, तो इंग्लंडांतूनच तेथें गेला आणि मागाहून इंग्लंडांतून नाहींसा झाला. व्यंकोजी राजांबरोबर दक्षिणेस गेलेल्यांच्या वंशजांची तंजावरी मराठी ऐकून पुणेकर हसतो, त्यांतलाच हा प्रकार. स्वरानंतर येणाऱ्या 'र'चीहि अशीच गोष्ट आहे. दक्षिण इंग्लंडांतील लोकांनीं तो अठराव्या शतकांत हळूहळू टाकून दिला. आज लंडनचा सुशिक्षित मनुष्य 'कार' म्हणतांना 'का'वरच थांबतो. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका यांनीं मात्र तो सोडला नाहीं. आपण भारतीयहि तो खणखणीत उच्चारतों. मुंबईस विल्सन आणि नागपुरास हिस्लॉप हे जे आरंभींचे नामांकित मिशनरी शिक्षक, ते दोघेहि स्कॉट होते; परंतु आपला 'र' त्यांजपासूनच आला असें मानण्याचें कारण नाहीं. जें लिहिलें तें उच्चारावें, हा आपल्या लिपीचाच संस्कार आहे.

अमेरिकेनें शुद्धलेखनहि निराळें केलें. नोहा वेब्स्टर हा तिकडचा कोशकार, आणि मूळचा शाळामास्तर. त्याचा मोठा कोश १८२८ सालीं प्रसिद्ध झाला. 'कलर' या शब्दांतील निरुपयोगी 'यू' त्यानें काढून टाकिला, 'सेंटर'च्या शेवटचीं दोन अक्षरें उच्चाराप्रमाणें उलटीं फिरविलीं. जीभ या अर्थाच्या शब्दाचेंहि स्पेलिंग त्यानें सुटसुटीत करून पाहिलें, परंतु लोकांनीं तें मानिलें नाहीं. स्वतंत्र झालेल्या देशाची भाषाहि स्वतंत्र दिसावी, असा त्याचा अभिमान होता. मास्तरांच्या हातून एवढें घडतें हें पाहून आमच्यासारख्यास अंमळ मौज वाटते.

आतां एक गोष्ट सांगतों, ती आमच्या वऱ्हाडी वाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. पुण्यामुंबईकडील मंडळी 'डॉक्टर', 'कॉलेज' असें तोंडाचा चंबू करून म्हणतात, आणि त्यासाठीं आपण आकारावर चंद्र देऊन एक नवें चिन्हहि केलें आहे. आमच्या खेड्यांतील शेतकरी मात्र 'डाक्टर', 'कालेज' म्हणतो; आणि त्याचा नातू पुण्यास शिकावयास गेला कीं पहिल्या पंधरवड्यांत तो हा उच्चार टाकतो, कारण वर्गांत हंशा पिकतो. पण अमेरिकेंतील बहुतेक ठिकाणीं या शब्दांतील पहिला स्वर ओठ गोल न करितां, जवळजवळ आपल्या आकारासारखाच काढतात ! म्हणजे ज्या 'डाक्टर'बद्दल कारंजाचें पोर पुण्यांत शरमलें, तोच 'डाक्टर' तें पोर उद्यां शिकागोस गेल्यावर प्रतिष्ठित ठरतो. इंग्लंडकडे कान लावून बसलेल्यास पुणेकर बरोबर वाटेल, अमेरिकेकडे लावून बसलेल्यास वऱ्हाडी.

मराठी माणसाची इंग्रजी कशावरून ओळखूं येते, याचा विचार आपल्या शिक्षाग्रंथांच्या परिभाषेंत फार चांगला करतां येतो. इंग्रजांचा 'ट' आपल्या मूर्धन्य 'ट'सारखाहि नाहीं आणि दन्त्य 'त'सारखाहि नाहीं. त्यांची जीभ दांतांच्या मागील हिरडीस लागते. आपणांजवळ ती जागा रिकामी, म्हणून आपण जवळचा 'ट' घेतला. विचार करणें या अर्थाच्या शब्दांत ते जीभ दांतांच्या मध्यें धरून वारा सोडतात. आपण सरळ 'थ' म्हणतों. आयर्लंडांतीलहि पुष्कळ लोक तेथें असाच दन्त्य वर्ण उच्चारतात, पण त्यांस कोणी अशिक्षित म्हणत नाहीं. 'व'चें तर त्रांगडेंच आहे. आपल्या शिक्षाकारांनीं 'व' दन्तोष्ठ्य म्हणून सांगितला. इंग्रजांजवळ एक दन्तोष्ठ्य आहे आणि दुसरा केवळ दोन ओठांचा. आपल्या तोंडीं दोन्ही एक होतात, आणि पश्चिम दिशा व आंतून घालावयाचा बंडी हे शब्द कानास सारखेच लागतात. येथें मात्र थोडा सराव करावा, असें आमचें मत आहे. दोन अर्थ एकमेकांत मिसळूं लागले म्हणजे तो केवळ लकबीचा प्रश्न राहत नाहीं. उलट 'माझा' या शब्दांतील दन्त्य 'झ' आपणांजवळ असल्यामुळें प्राणिसंग्रहालयाचें नांव आपण 'झू' असें बरेंच नीट घेतों; तें उत्तरेकडील कित्येकांच्या तोंडीं 'जू' होतें. बंगाली गृहस्थ 'व्हेरी'चें 'भेरी' करितो. शाळेस संयुक्त प्रांताकडील मनुष्य 'इस्कूल' म्हणतो, तर पंजाबी 'सकूल'. तेव्हां भारतीय इंग्रजी असें जें आपण म्हणतों, तीहि एक नव्हेच.

परंतु परका श्रोता अडखळतो तो बहुधा या वर्णांमुळें नव्हे. तो अडखळतो आघातामुळें. त्वष्ट्याची कथा सर्वांस ठाऊक असेल. इंद्राचा नाश करणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें यज्ञ मांडला, आणि 'इंद्रशत्रु' या शब्दाचा उदात्त शेवटीं यावयाचा तो आरंभीं पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला; 'इंद्राचा नाश करणारा' याऐवजीं 'इंद्र ज्याचा नाश करणारा' असा अर्थ होऊन वृत्रच मारला गेला. वर्ण एकहि चुकला नव्हता, नुसता स्वर चुकला. इंग्रजींत हें रोज घडतें. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असतां पहिल्या अवयवावर जोर, क्रियापद असतां दुसऱ्यावर, 'प्रेझेंट'चेंहि तसेंच. आपण मराठी माणसें प्रत्येक अक्षरास त्याची मात्रा चोख देतों आणि जोर कोणासच देत नाहीं, जणूं ओवी म्हणत आहों. इंग्रज जोराचें अक्षर लांबवितो आणि मधलीं अक्षरें गिळतो. म्हणून आपलें बोलणें त्यास सपाट लागतें, आणि त्याचें आपणांस अर्धवट. नातवाचें बोलणें कळत नाहीं याचें कारण तो भरभर बोलतो हें नसून, अक्षरें गिळतो हें आहे.

शब्दांचा भाग अधिक मनोरंजक आहे. आपण ज्यास हॉटेल म्हणतों तेथें चहा-भजीं मिळतात. इंग्रजाच्या हॉटेलांत मनुष्य रात्रीं निजावयास जातो. मोटारीच्या जादा चाकास आपल्याकडील प्रत्येक मिस्त्री 'स्टेपनी' म्हणतो. वेल्समधील लानेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर असें चाक तयार करणारी कंपनी होती, त्यावरून हें नांव पडलें. तिकडे आतां तो शब्द बहुतेक कोणास कळत नाहीं, आणि मूर्तिजापूरच्या गॅरेजांत तो नित्याचा आहे. पुढें ढकलणें यास इंग्रजी शब्द होता, अलीकडे ओढणें यास नव्हता. तो 'प्रीपोन' आपण रूढ केला, आणि ऑक्सफर्डच्या कोशांतहि आतां त्यास जागा मिळाली आहे. त्याच कोशांत २०१७ सालीं सत्तर भारतीय शब्दांची भर पडली. त्यांत 'अच्छा', 'बापू', 'नाटक', 'वडा' ही मंडळी होती. मराठीनें तर इंग्रजीस फार पूर्वींच एक प्राणी दिला आहे, तो म्हणजे मुंगूस. त्याचें अनेकवचन करतांना इंग्रज मुलेंहि घोटाळतात, कारण शब्दाचें शेपूट त्यांच्या हंसासारखें दिसतें. आपला 'पंडित' अमेरिकेंत जाऊन निवडणुकीचें भविष्य सांगूं लागला. या बढतीबद्दल आनंद मानावा कीं खेद, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

'कझिन-ब्रदर' या जोडशब्दावर वर्तमानपत्रांतून वारंवार टीका होते. आम्हांस ती पटत नाहीं. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ आणि या सर्वांच्या बहिणी, एवढा गोतावळा इंग्रजांनीं एका शब्दांत कोंबला. त्यांतून भाऊ कीं बहीण एवढें तरी कळावें म्हणून आपण त्यास शेपूट जोडलें, तर बिघडलें काय ? मात्र चूक आणि लकब यांत भेद नाहींच, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, असें वाक्य आलें तेव्हां पस्तीस वर्षें आमची लाल शाई चाललीच आणि आज पेपर तपासावयास बसलों तरी ती चालेल. सगळा प्रदेश पिढ्यान् पिढ्या जें एकसारखें बोलतो तें बोलीचें रूप. एकट्या गंपूनें घाईंत केली ती चूक.

हाच विचार विद्वत्तेच्या पद्धतीनें मांडणारे गृहस्थ आपल्याच देशांतले होते. ब्रज काचरू हे काश्मिरी पंडित अमेरिकेंत इलिनॉय येथें प्राध्यापक होते. २०१६ सालीं ते वारले. त्यांनीं इंग्रजीचीं तीन वर्तुळें कल्पिलीं: ज्यांची ती मातृभाषा ते आंतलें, भारत-नायजेरियासारखे देश, जेथें राज्यकारभाराबरोबर ती येऊन स्थायिक झाली, तें बाहेरचें, आणि जेथें ती केवळ परकी म्हणून शिकतात तें त्यापलीकडचें. बाहेरच्या वर्तुळांतील लोकहि भाषेचे धनी आहेत, नुसते भाडेकरू नव्हेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सरकारांस हें नेहमींच रुचतें असें नाहीं. सिंगापूरचे लोक वाक्याच्या शेवटीं 'लाह' असा एक चिनी-मलायी धाटणीचा शब्द लावतात. ती बोली सुटावी म्हणून तेथील सरकारनें २००० सालीं चांगल्या इंग्रजीची चळवळच उभारली. लोकांनीं 'लाह' सोडला नाहीं. सोडावा तरी कसा ? आमच्या वऱ्हाड्यास 'बाप्पा' वगळून बोलावयास सांगा, आणि पाहा दोन वाक्यें तरी पुढें सरकतात काय !

येथवर मौज झाली. परंतु या गोष्टीस एक कडू बाजू आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. आमच्या वेळीं ती पांचवींत सुरू होई. मुलें अक्षरें लवकर शिकलीं हें खरें, पण लाजहि लवकर शिकलीं. आमचा एक विद्यार्थी, शेतकऱ्याचा मुलगा, गणितांत अतिशय तल्लख, मोठ्या शहरांतील एका इंजिनिअरिंग कॉलेजांत गेला. पहिल्याच आठवड्यांत त्यानें प्रश्न विचारला. विचारला बरोबर, पण वळण वऱ्हाडी. वर्ग हसला, आणि शिकविणारेहि हसले. त्यानंतर दोन वर्षें त्यानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं. पुढें कोणा क्लासवाल्यानें 'उच्चाराचा गांवठीपणा घालवून देतों' म्हणून त्याच्या वडिलांकडून पैसे घेतले. त्या वर्षीं घरांत कपाशीचें जें कांहीं आलें होतें तें त्यांत गेलें. उच्चार गेला नाहीं. पुढें तो नोकरीनिमित्त स्कॉटलंडांत ग्लासगो येथें गेला. तेथून त्यानें आम्हांस लिहिलें कीं, लंडनहून येणारे साहेब लोक ग्लासगोच्या माणसास प्रत्येक वाक्य पुन्हां विचारतात. ग्लासगोचा मनुष्य न लाजतां पुन्हां सांगतो, आणि आपल्या कामास लागतो. "सर, यांना कोणी हसत नाहीं," एवढेंच त्यानें शेवटीं लिहिलें होतें.

परदेशीं जाणारांस जी आय्‌ईएल्‌टीएस् नांवाची परीक्षा द्यावी लागते, तिच्या प्रसिद्ध निकषांत उच्चार सुबोध असावा अशी अपेक्षा आहे. इंग्रजासारखा असावा अशी नाहीं. वरच्या श्रेणींतहि मातृभाषेची छटा चालते, ती समजण्याच्या आड येऊं नये इतकेंच. क्लासच्या जाहिरातींत हें छापलेलें आम्हीं पाहिलें नाहीं.

आणि हें हसणें शिकवितो कोण ? येथें आपण पांढरपेशा घरांतील मंडळींनीं थोडें आपल्याकडेहि पाहावें. 'पाणी'चें 'पानी' आणि 'डोळा'चा 'डोया' करणारी मोलकरीण घरांत वावरते, तेव्हां मुलें तिची नक्कल करितात आणि आपण कौतुकानें ऐकतों. ग्रियर्सननें १९०५ सालीं आपल्या भाषापाहणीच्या सातव्या खंडांत वऱ्हाडीचे नमुने छापले. ती मराठीची एक बोली म्हणून, मराठीचा बिघाड म्हणून नव्हे. लीळाचरित्र ज्या भूमींत लिहिलें गेलें ती हीच. पुण्याची भाषा प्रमाण ठरली ती त्यानंतर सहा शतकांनीं, कोश आणि क्रमिक पुस्तकें तिकडे झालीं म्हणून. आज आपण मोलकरणीस हसतों, उद्यां तेंच हसूं आपल्या नातवाच्या तोंडून इंग्रजींत परत येतें.

पतंजलि म्हणतो कीं शुद्ध शब्द एक आणि त्याचे अपभ्रंश अनेक. 'गौः' या एका शब्दाचे त्यानें 'गावी', 'गोणी', 'गोता', 'गोपोतलिका' असे चार दाखविले आहेत. पुढें त्या अपभ्रंशाचीच एक भाषा झाली, आणि दहाव्या शतकांत मान्यखेट येथें पुष्पदंतानें तिच्यांत मोठमोठीं काव्यें रचिलीं. त्या भाषेचीं हस्तलिखितें पिढ्यान् पिढ्या कोठें जपलीं गेलीं ? इतर स्थळांबरोबरच आमच्या कारंजाच्या जैन मंदिरांतील भांडारांत. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या सूचींत त्यांची नोंद झाली, आणि पुष्पदंताचें 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादून १९३१ सालीं येथूनच प्रसिद्ध झालें. नांव अपभ्रंश, परंतु तें जपणारांनीं तिला रेशमी वेष्टनांत ठेविलें होतें.

ज्यांचीं मुलें यंदा बाहेर जावयाचीं आहेत, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतों. अमेरिकेंत तारीख लिहितांना महिना आधीं लिहितात. ४ जुलै आणि ७ एप्रिल यांत घोटाळा होऊन मुलाखत चुकूं शकते. तिकडचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. इंग्लंडांत मात्र आपल्यासारखेंच मोजतात. सभेंत एखादा विषय 'टेबल' करणें म्हणजे इंग्लंडांत तो चर्चेस घेणें आणि अमेरिकेंत तो बाजूस ठेवणें; गेल्या महायुद्धांत या एका शब्दावरून दोन्हीकडील सेनाधिकाऱ्यांचा बराच वेळ वाद झाल्याचें चर्चिलनें लिहून ठेविलें आहे. दक्षिण आफ्रिकेंत कोणी 'रोबो'पाशीं डावीकडे वळा म्हणाल्यास भिऊं नये, तो चौकांतला दिवा असतो. लाख आणि कोटी हे शब्द भारताबाहेर पुष्कळांस कळत नाहींत, आणि स्वल्पविरामहि तेथें तीन-तीन अंकांवर देतात. तेव्हां पगाराचा आंकडा लिहितांना दोनदां पाहावें. आणि दूरध्वनीचा क्रमांक सांगतांना आपण 'डबल सेव्हन' म्हणतों, तें इंग्लंडांत चालतें. अमेरिकेंत सात हा आंकडा दोनदां उच्चारावा.